पहिली पंगत चुकली तर?

बिलोलीत लग्नाला गेलात, पोटात कावळे ओरडताहेत आणि पाहता तर काय, पहिली पंगत नुकतीच बसलीय! आता ती उठेपर्यंत थांबणं आलं. टीव्हीवरच्या सिनेमाचंही अगदी असंच होतं.

छपरावरची डीटीएचची छत्री जवळजवळ 36,000 किलोमीटर उंचावरच्या उपग्रहाकडे तोंड करून असते. तिथून जे येतं तेच बिलोलीत, तेच कुंडलवाडीत, तेच देगलूरला. तुम्ही उशिरा आलात म्हणून उपग्रह सिनेमा पहिल्यापासून लावत नाही. मग काही डीटीएच कंपन्यांनी एकच सिनेमा अनेक वाहिन्यांवर थोड्या थोड्या वेळाने सुरू करून पाहिला. सिनेमा दोन तासांचा आणि वाहिन्या चार असतील, तर दर अर्ध्या तासाला नवी पंगत. तरी अर्धा तास ताटकळायचं म्हणजे फारच!

1995 मध्ये अमेरिकेत विश्वनाथन आणि इमिलिन्स्की यांनी सुचवलं: सिनेमाचे तुकडे करा, पहिला लहान, पुढचे मोठे. 1998 मध्ये तैवानच्या दोन संशोधकांनी याच वाटेवरची आणखी एक युक्ती काढली. मला ती फार आवडते.

120 मिनिटांचे 15 तुकडे करा, प्रत्येक 8 मिनिटांचा. पहिल्या वाहिनीवर फक्त तुकडा 1, पुन्हा पुन्हा. दुसरीवर 2 आणि 3 आलटून पालटून. तिसरीवर 4 ते 7, चौथीवर 8 ते 15. तुमचा सेट-टॉप बॉक्स चारही वाहिन्यांवरून एकदम भरून घेतो.

समजा, तुम्ही 1 बघताय आणि तेव्हा दुसरीवर नेमका 3 चालू आहे. आता? बॉक्स 3 साठवून ठेवतो. इकडे 1 संपतो, तिकडे त्याच क्षणी 2 सुरू होतो! तो थेट बघायचा, मग साठवलेला 3. पंगतीत भाताआधी बुंदी आली तर ती ताटाच्या कडेला ठेवता ना, तसंच. फक्त बॉक्सचं ताट मोठं हवं, कधीकधी जवळजवळ निम्मा सिनेमा मावेल एवढं.

आता जास्तीत जास्त थांबायचं 8 मिनिटं. वाहिन्या पाच केल्या तर तुकडे 31, थांबणं 4 मिनिटांहून कमी. दहा केल्या तर तुकडे 1023 आणि थांबणं फक्त 7 सेकंदांच्या आसपास! बघणारे 50 असोत की 5 लाख, वाहिन्या तेवढ्याच.

खरं वाटत नाही? 15 चिठ्ठ्या घ्या, चार मित्रांना वाहिन्या करा आणि कुठूनही सुरुवात करून बघा.