मांजराला संडासची सवय लावावी काय?

मांजराला घरच्या संडासात जाण्याची सवय लावता येते काय, असा प्रश्न आजकाल बऱ्याच घरांतून ऐकू येतो. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींत एखादे गुबगुबीत मांजर कमोडच्या कडेवर चारही पाय सांभाळून बसलेले दिसते. ते पाहून मुले हट्ट धरतात आणि रोज रेती उपसून कंटाळलेल्या आईलाही ती युक्ती पटते. याचे उत्तर असे की, सवय लावता येते, पण लावू नये. का लावू नये, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. कारण त्याचा संबंध मांजराच्या शिस्तीपेक्षा घरातील माणसांच्या, त्यातही गरोदर स्त्रीच्या प्रकृतीशी अधिक आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील प्रसिद्ध जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगस यांनी १९५०च्या दशकात आपल्या नाइटलाइफ नावाच्या मांजराला कमोडवर बसायला शिकवले आणि त्याची कृती सांगणारी छोटी पुस्तिकाही काढली. पुठ्ठ्याच्या खोक्यात फाडलेले वर्तमानपत्र घालायचे, खोके हळूहळू संडासापर्यंत सरकवायचे, मग ते कमोडवर बांधायचे, त्याला मधोमध लहान भोक पाडायचे, ते रोज थोडे वाढवायचे आणि शेवटी खोके काढून टाकायचे, अशी ती रीत. यात तीन-चार आठवडे जातात. आज बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या कड्या याच तत्त्वावर बनवलेल्या असतात. आपल्याकडील जमिनीलगतच्या भांड्यावर तर एवढ्या कसरतीचीही गरज नसते. पुष्कळ मांजरे न शिकवताच न्हाणीच्या मोरीवर किंवा संडासच्या भांड्याशी जाऊन बसतात.

परंतु मांजराची मूळ प्रवृत्ती तशी नाही. घरच्या मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातील रानमांजरे होत. मऊ माती उकरावी, तीत विधी करावा आणि वरून झाकावे, ही सवय त्याच्या रक्तात आहे. पिलू डोळे उघडून चालू लागले की काही आठवड्यांतच ते आपणहून माती उकरू लागते. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एड लोव नावाच्या व्यापाऱ्याकडे शेजारीण मांजरासाठी रेती मागायला आली असता त्याने तिला दाणेदार मुलतानी माती दिली. ती ओल व वास इतकी छान शोषू लागली की त्यातून मांजराच्या मातीचा मोठा धंदाच उभा राहिला. गुळगुळीत भांड्यावर मांजराला उकरता येत नाही, झाकता येत नाही, पाणी अंगावर उडते. लहान पिलू भांड्यात घसरते, म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात. मग ते एक दिवस संडास सोडून गादीचा कोपरा धरते आणि मार खाते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परोपजीवी बाहेर पडू शकतो. हा जीव १९०८ साली ट्युनिसमध्ये एका उंदरासारख्या प्राण्यात प्रथम सापडला. पण तो पसरतो कसा, हे कोडे सुटायला १९७०च्या आसपासचा काळ उजाडला. ते सोडवणाऱ्या संशोधकांत मूळचे भारतीय पशुवैद्यक डॉ. जे. पी. दुबे यांचाही समावेश होता. या जीवाचे पूर्ण जीवनचक्र केवळ मांजरकुळातील प्राण्यांच्या आतड्यातच पार पडते. वाघ हाही त्याच कुळातला. म्हणजे टिपेश्वरच्या जंगलातील पाहुणा आणि आपल्या चुलीजवळ बसलेली त्याची मावशी यांत या बाबतीत फरक नाही.

मांजर उंदीर-पाखरे मारून किंवा कच्चे मांस खाऊन या जीवाची बाधा करून घेते. त्यानंतर साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून लाखोंच्या संख्येने सूक्ष्म कोश बाहेर पडतात. पुढे बहुतेक मांजरांत प्रतिकारशक्ती येते व हे थांबते. मांजर जन्मभर रोग वाटत फिरते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, ताज्या विष्ठेतील कोश लगेच बाधा करू शकत नाहीत. बाहेरच्या हवेत पक्व व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे विष्ठा रोजच्या रोज उचलली तर धोका बराचसा टळतो. तीच आठवडाभर साचू दिली, तर सावलीतल्या ओल्या मातीत हे कोश वर्षभर, कधी त्याहून अधिक काळही जिवंत राहतात. कडक ऊन व कोरडेपणा त्यांना सोसत नाही, ही आपल्या उन्हाळ्याची एक जमेची बाजू. उकळत्या पाण्याने ते मरतात. ब्लिचिंग पावडरने मात्र मरत नाहीत.

याच कारणाने संडास हा उपाय ठरत नाही. संडासात गेले म्हणजे संपले, असे आपल्याला वाटते. पण लहान शहरांत कित्येक घरांच्या सेप्टिक टँकचे पाणी उघड्या नालीत व तेथून नाल्यात जाते. कोश तिथेही टिकून राहतात. कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात १९९५ साली सुमारे शंभर लोकांना टॉक्सोप्लाझ्माची बाधा झाली. तपासाअंती संशय आला तो शहराच्या पिण्याच्या पाण्यावर. ते निर्जंतुक केलेले होते, पण गाळलेले नव्हते आणि जलाशयाच्या काठी मांजरे व प्यूमा यांचा वावर होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रातील पाणमांजरे याच रोगाने मरू लागली, तेव्हा मांजराची घाण संडासात टाकू नये, अशी सूचना मातीच्या पुड्यांवर छापण्याचा कायदा तेथे २००६ मध्ये झाला. शिवाय मांजर काही टाकीची साखळी ओढत नाही. दर वेळी सहा-दहा लिटर पाणी आपणच ओतायचे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह आटल्यावर ज्या यवतमाळकरांनी टँकरमागे गुंडांची रांग लावली, त्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

घरातच राहणारे, शिकार न करणारे व शिजवलेले अन्न खाणारे मांजर आपणहून संडासात जात असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही, हेही सांगितले पाहिजे. अशा मांजरापासून टॉक्सोप्लाझ्माचा धोका अगदी थोडा असतो. त्याच्यासाठी तेथे दुसराच धोका असतो आणि तो म्हणजे संडास धुण्याचे ॲसिड व फिनेल. फिनेलमधील फिनॉलसारखी द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. पाय ओले झाले की मांजर ते चाटते आणि विष पोटात जाते. ॲसिडने तोंड व जीभ भाजते. फिनेल टाकलेल्या लादीवर मांजराला फिरू देऊ नये.

आता गरोदरपणाविषयी. गर्भपात झाला, रक्ताची ‘टॉर्च’ तपासणी केली, त्यात टॉक्सोप्लाझ्मापुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहून आले आणि दुसऱ्याच दिवशी मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडले, असे प्रकार आपल्याकडे होतात. कधी त्याच्याबरोबर सुनेलाही बोल लागतो, कारण मांजर तिने माहेरून आणलेले असते. यातील बरेचसे गैरसमजातून घडते. या तपासणीत दोन प्रकारची प्रतिद्रव्ये पाहतात. आयजीजी असेल तर बाधा पूर्वी कधीतरी होऊन गेली, एवढाच अर्थ होतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे २४ टक्के लोकांच्या रक्तात ती आढळली, म्हणजे साधारण चौघांत एक. ज्या स्त्रीला गरोदर राहण्याच्या बऱ्याच आधी बाधा होऊन गेली आहे, तिची प्रकृती एरवी ठीक असेल तर तिच्या बाळाला या रोगापासून सहसा भय नसते. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे खापरही या जुन्या बाधेवर फोडता येत नाही. त्याची कारणे दुसरीकडे शोधावी लागतात.

खरा धोका आहे तो गरोदरपणातच प्रथम बाधा होण्यात. सुरुवातीच्या महिन्यांत ती गर्भापर्यंत कमी वेळा पोहोचते, पण पोहोचली तर मेंदू व डोळ्यांना गंभीर इजा करते. शेवटच्या महिन्यांत ती अधिक वेळा पोहोचते, पण जन्मतः बाळ बहुधा ठीक दिसते आणि डोळ्यांचा त्रास पुढे काही वर्षांनी उद्भवू शकतो. आयजीएम हे प्रतिद्रव्य नव्या बाधेकडे बोट दाखवते खरे. परंतु ते कित्येक महिने, कधी वर्षभरही रक्तात राहते. म्हणून केवळ त्या एका कागदावर निर्णय घेऊ नये. बाधा नवी की जुनी, हे सांगणारी ‘ॲव्हिडिटी’ नावाची पुढची तपासणी असते. नवी बाधा ठरली तर औषधे आहेत. ती स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

बाधा मांजराला कुरवाळून होत नाही. ती होते तोंडावाटे. कमी शिजलेले मटण, न धुतलेला भाजीपाला, दूषित पाणी आणि मातीचे हात हे तिचे मार्ग होत. आपल्या जिल्ह्यात निंदणाला जाणाऱ्या बायका मातीच्याच हाताने शिदोरी सोडतात, वावरातून हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून तशीच तोंडात टाकतात. घरी मांजर नसलेल्या स्त्रीलाही बाधा होते ती अशी. गरोदर स्त्रीने हात साबणाने धुऊनच जेवावे, सांबार-पालक दोन-तीन पाण्यांतून काढावा आणि शिजते मटण चाखून पाहण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. (आपला सावजी रस्सा इतका उकळतो की पानात आल्यावर त्याची चिंता नको.) एचआयव्हीबाधित, मूत्रपिंड बदललेले व कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण यांनीही हेच पथ्य पाळावे.

मग मांजराची सोय करावी तरी कशी? जुने पसरट घमेले किंवा कडा कापलेले प्लॅस्टिकचे टब घ्यावे. त्यात दोन-तीन इंच कोरडी रेती घालावी. आरा गिरणीतला लाकडाचा भुसा मिसळला तर वास कमी येतो. नुसती राख घालू नये. ती पंजांना लागून घरभर होते आणि चाटल्यावर तोंडाला झोंबते. घमेले शांत कोपऱ्यात ठेवावे, जेवणाच्या वाटीजवळ ठेवू नये. एक मांजर असेल तर एक घमेले चालते, दोघांना तीन हवीत. पिलाला जेवल्यावर व झोपून उठल्यावर घमेल्यात नेऊन ठेवावे. आधीची थोडी ओली रेती आत राहू दिली तर जागा त्याला वासाने कळते. चुकले म्हणून नाक घासणे, मारणे हे प्रकार निरुपयोगी आहेत. त्याने ते एवढेच शिकते की माणसासमोर बसू नये. मग ते पलंगाखाली जाते.

घाण रोज उचलावी, हे सर्वांत महत्त्वाचे. गरोदर स्त्रीने हे काम करू नये, घरातील पुरुषाने करावे. दुसरे कोणी नसेलच तर तिने हातमोजे घालून करावे व नंतर हात धुवावेत. उचललेली घाण कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून घंटागाडीत द्यावी. खेड्यात विहिरीपासून व भाजीच्या वाफ्यापासून दूर दीड-दोन फूट खड्ड्यात पुरावी. शेणखताच्या उकिरड्यावर टाकू नये, कारण ते खत पुढे भाजीलाच जाते. आठवड्यातून एकदा सगळी रेती बदलून घमेले उकळत्या पाण्याने धुवावे आणि दिवसभर उन्हात पालथे घालावे. घराचे बांधकाम चालू असेल तर रेतीचा ढीग रात्री ताडपत्रीने झाकावा. गल्लीतली मांजरे-कुत्री तेथेच जातात आणि सकाळी मुले त्यात किल्ले करतात. त्यांच्या विष्ठेतील कृमींच्या अळ्या मुलांच्या पायाच्या कातडीत शिरून नागमोडी, खाजरे पुरळ उठवतात. पाळीव मांजराला जंताचे औषध आणि रेबीजची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी.

घमेल्याचा आणखी एक फायदा संडासात मिळत नाही. मांजर आजार लपवणारा प्राणी आहे. रेती मात्र बोलते. विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे वळवळणारे तुकडे दिसले तर पोटात पट्टकृमी आहेत. ओल्या गोळ्यांचे प्रमाण एकाएकी वाढले तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. आणि बोका वारंवार घमेल्यात जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, पण रेती कोरडीच राहते, असे दिसले तर ती बद्धकोष्ठता समजून एरंडेल पाजत बसू नये. त्याच्या अरुंद मूत्रमार्गात खडा किंवा चिकट गोळा अडकलेला असतो. लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत बोका दगावतो. पोट दाबून पाहू नये, रात्र जाऊ देऊ नये; त्याला टोपलीत घालून लगोलग पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे आणि शेवटची लघवी केव्हा पाहिली, ते तेथे आधी सांगावे.