भांडारातले भांडार

एखादी आज्ञावली अनेक जण मिळून लिहितात, तेव्हा कोणी, कधी, काय बदलले याची नोंद ठेवावी लागते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली 'गिट' ही प्रणाली हे काम करते. अशा नोंदींचा साठा म्हणजे भांडार. एका भांडारात दुसरेही ठेवता येते. आतल्या भांडाराला नाव दिलेले असते आणि गिट आपल्या खास जागेत त्या नावाचा कप्पा उघडते.

समजा, त्या नावातच दोन टिंबे आणि तिरकी रेघ घातली तर? संगणकाला त्याचा अर्थ कळतो 'एक पायरी बाहेर जा'. म्हणजे कप्पा भलत्याच जागी उघडणार! २०१८ च्या मे महिन्यात नेमका हाच दोष उघडकीस आला. अनोळखी भांडार आतल्या भांडारांसह उतरवून घेताना त्यात दडवलेली आज्ञावली आपल्या संगणकावर परस्पर चालू शकत होती.

गिटच्या २.१७.१ या आवृत्तीत अशी नावे नाकारण्याची सोय झाली. सोबत चाचण्याही जोडल्या गेल्या. त्या मुद्दाम वाईट नाव देतात आणि गिट ते नाकारते ना, हे पाहतात. पुढे कोणाकडून ही अट चुकून निघाली, तर चाचणी लगेच तसे दाखवते.

आज्ञावली तपासताना 'योग्य माहितीला उत्तर बरोबर येते का?' एवढे विचारून भागत नाही. 'खोडसाळ माहिती दिली तर?' हेही विचारावे लागते. मुलांनी लिहिलेल्या भागाकाराच्या आज्ञावलीला भाजक म्हणून शून्य देऊन पाहा!