वागणे एक, कारणे तीन



रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासेमारी नौका धक्क्याला लागल्या की एकच गलबला सुरू होतो. लिलावाची बोली, इंजिनांची घरघर, बर्फाची ने-आण, मासळीच्या टोपल्या घेऊन चाललेली धावपळ. या गर्दीपासून दूर, कडेला उभ्या असलेल्या तीन माणसांची आपण कल्पना करू या. तिघेही चाळिशीच्या आसपासचे. तिघेही बोली लावण्यास पुढे होत नाहीत. लोकांनी तिघांनाही एकच नाव ठेवले आहे : माणूसघाणा.

पहिल्याला धास्ती वाटते की, आपण तोंड उघडले आणि चुकलो तर चारचौघांत हसे होईल. त्याची छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. घरी मात्र तोच मनमोकळ्या गप्पा मारतो. दुसरा कोणाला भीत नाही. परंतु अनेक आवाज आणि उग्र वास एकदम अंगावर आले की त्याला ते असह्य होते. शिवाय बोली लावणाऱ्यांच्या नजरेतले आणि मानेच्या हालचालीतले इशारे त्याला आपसूक उमगत नाहीत. तिसऱ्याला माणसांची आवड आहे. पण भाव ऐकता ऐकता त्याचे लक्ष भरकटते, किंवा पुरते न ऐकताच तो घाईने बोली लावून बसतो. अनेकदा फजिती झाल्यामुळे आता तो लांबच थांबतो.

पहिल्याच्या त्रासाला सामाजिक चिंताविकार म्हणतात, दुसऱ्याच्या मनोघडणीला स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम, आणि तिसऱ्याच्या अडचणीला एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव व अतिचंचलता. बाहेरून दिसणारे वागणे एकच. आतली कारणे तीन. म्हणूनच केवळ वागण्यावरून निदान करता येत नाही.

मग फरक ओळखायचा कसा? तज्ज्ञ प्रामुख्याने दोन गोष्टी पडताळून पाहतात. पहिली, हे केव्हापासून आहे? स्वमग्नतेच्या खुणा अगदी बालपणापासून असतात, जरी त्या तेव्हा कोणाच्या ध्यानात आल्या नसल्या तरी. एडीएचडीची काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. सामाजिक चिंता बहुधा किशोरवयात डोके वर काढते. दुसरी गोष्ट, माणसे भोवती नसताना काय उरते? एकांतात चिंताग्रस्त माणसाला सहसा हायसे वाटते. एडीएचडी असलेल्याची मात्र एकांतातही कागदपत्रे अर्धवट राहतात, किल्ल्या हरवतात, वेळेचे गणित चुकते. स्वमग्न व्यक्तीची ठरलेल्या क्रमाची गरज, एखाद्या विषयातील खोल रस आणि आवाज, प्रकाश व स्पर्श यांविषयीची संवेदनशीलता एकटेपणीही कायम असते.

तथापि, माणसाचे मन असे कप्प्याकप्प्यांत वाटलेले नसते. एकाच व्यक्तीत दोन किंवा तिन्ही गोष्टी असू शकतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 2013 पर्यंत स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देण्यास मुभा नव्हती. त्या वर्षीच्या पाचव्या आवृत्तीने ती दिली. आज प्रौढ असलेल्या अनेकांचे बालपण त्यापूर्वीचे आहे. शिवाय ‘धांदरट’, ‘आळशी’, ‘शिष्ट’ असे शेरे वर्षानुवर्षे ऐकलेल्या माणसाला पुढे लोकांचीच भीती वाटू लागते. डॉक्टरांना ती भीती दिसते. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट झाकलेलीच राहते. अनेक जण, विशेषतः स्त्रिया, इतरांचे पाहून हसणे-बोलणे शिकून घेतात आणि आपली अडचण लपवतात. समारंभात त्या अगदी सहज वावरताना दिसतात, पण घरी परतल्यावर गळून जातात.

निदान अचूक असणे महत्त्वाचे, कारण मदतीची रीत निरनिराळी आहे. सामाजिक चिंतेत विचार व वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती गुणकारी ठरते. तीत टाळलेल्या प्रसंगांना हळूहळू सामोरे जाण्याचा सराव असतो, गरजेनुसार औषधेही देतात. मात्र गोंगाटाने बेजार होणाऱ्या स्वमग्न माणसाला ‘सवय होईल’ म्हणून वारंवार गर्दीत ढकलले तर त्याचे हालच होतात. त्याला शांत जागा, स्पष्ट शब्द आणि पूर्वसूचना हवी असते. एडीएचडीसाठी परिणामकारक औषधे आहेत. त्यांच्या जोडीला कामाची आखणी आणि आठवणींची साधने उपयोगी पडतात.

आंतरजालावरील प्रश्नावली सोडवून स्वतःवर शिक्का मारून घेऊ नये. अपुरी झोप, नैराश्य, थायरॉइडचे विकार, मद्यपान यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात. रत्नागिरीत 1886 सालापासूनचे शासकीय मनोरुग्णालय आहे. त्याचे नाव थट्टेत घेण्याची सवय आपण सोडली, तर मदत मागायला निघालेल्याचे पाऊल उंबरठ्यावर अडखळणार नाही. 2022 मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. एडीएचडीचा मात्र त्यात स्वतंत्र उल्लेख नाही.

आम्हा धर्मगुरूंनाही येथे आत्मपरीक्षण करावे लागेल. मिस्सेत शेवटच्या बाकावर बसणारा, शांतीचिन्हाच्या वेळी हात मागे घेणारा, प्रार्थना संपताच कोणाशीही न बोलता निघून जाणारा माणूस आपल्याला श्रद्धेत उणा किंवा गर्विष्ठ वाटला असेल. कदाचित तेथवर येण्यासाठीच त्याने सारे बळ वेचलेले असेल. ‘तू असा का वागतोस?’ या प्रश्नात आरोप असतो. त्याऐवजी ‘तुला कशाने सोपे जाईल?’ असे विचारून पाहू या. उत्तर यायला वेळ लागला, तर तेवढा वेळ थांबू या.