जुनी फोर बाय फोर घेताय? योग्य किंमत अशी काढा

जुन्या स्विफ्टची किंमत काढणं सोपं आहे. तशा हजारो गाड्या बाजारात असतात, एखाद्या ॲपमध्ये मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर टाकले की बऱ्यापैकी बरोबर आकडा येतो. पण तेच ॲप जुन्या थार किंवा जिप्सीच्या बाबतीत गंडतं. एकाच वर्षाच्या दोन थार, एक साडेचार लाखांना आणि दुसरी साडेआठला. कुठली किंमत बरोबर?

आधी ॲप का गंडतं ते बघू. विमा कंपन्या गाडीचं मूल्य (आयडीव्ही) काढताना एक ठरलेला तक्ता वापरत आल्या आहेत. पहिल्या ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. त्यापुढे तक्ता संपतो! पाच वर्षांवरच्या गाडीचं मूल्य कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचं. म्हणजे १०-१२ वर्षांच्या गाडीला सूत्र असं नाहीच. त्यात या गाड्यांचं मार्केट छोटं आणि हौशी लोकांचं. जिप्सी १९८५ मध्ये आली आणि २०१९ च्या आसपास बंद झाली. जुनी थार २०१० ते २०२० एवढीच बनली. नवीन माल येत नाही, मागणी मात्र आहे, त्यामुळे घसाऱ्याचा नेहमीचा आलेख इथे चालत नाही.

म्हणून हिशेब आपणच करायचा. मी इंजिनिअर असल्यामुळे असेल, पण मला हे शीटमध्ये टाकल्याशिवाय चैन पडत नाही. मित्रासाठी गाडी शोधताना मी तीसेक जाहिराती अशाच भरल्या होत्या.

सरासरी नको, मधला आकडा घ्या

समजा, एकाच मॉडेलच्या, दोन-तीन वर्षांच्या फरकातल्या पाच जाहिराती मिळाल्या: ४.८, ५.२, ५.५, ५.७ आणि ८.५ लाख. सरासरी येते ५.९४. पण ती ८.५ वाली गाडी विंच, मोठे टायर, रंगीत दिवे लावून सजवलेली आहे आणि तिनेच सरासरी वर ओढलीय. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या: ५.५. हा तुमचा पाया. तोही विकणाऱ्याने *मागितलेला* आकडा आहे, सौदा नेहमी त्याच्या खालीच होतो. जाहिरातींचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. तीन आठवड्यांनी तीच गाडी तिथेच असेल आणि किंमत उतरली असेल, तर मालकाला घाई आहे हे न विचारताच कळतं.

मॉडेल एकच आहे ना, हेही नीट बघा. जुन्या थारमध्ये डीआय आणि सीआरडीई अशी दोन वेगळी इंजिनं होती. डीआय साधारण ६३ बीएचपीचं, सीआरडीई १०५ चं. डीआयमध्ये टू-व्हील ड्राइव्हही मिळायची. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. आरसीवरचं मॉडेलचं पूर्ण नाव वाचा, 'थार आहे' एवढं ऐकून पुढे जाऊ नका.

वरची मर्यादाही ठेवा. नवी थार ऑक्टोबर २०२० मध्ये ९.८० लाखांपासून सुरू झाली होती, जिम्नी जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून (दोन्ही एक्स-शोरूम). त्यामुळे आता चार-पाच वर्षांच्या नव्या पिढीच्या गाड्याही सेकंडहँडमध्ये दिसतात. जुन्या गाडीचा आकडा त्यांच्या जवळ जात असेल तर तुम्ही गाडीचे नाही, आठवणींचे पैसे देताय.

कागद: इथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागा आणि एमपरिवहन ॲपमध्ये टाका. कितवा मालक, नोंदणी कधीपर्यंत, विमा, कर्जाचा बोजा, सगळं दिसतं. ई-चलनाच्या सरकारी संकेतस्थळावर थकलेले दंड बघा. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पेट्रोल जाळून जाण्यात अर्थ नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची थार घेतली तर २०२७ मध्ये फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे सगळं तुमच्या गळ्यात. एप्रिल २०२२ पासून पुनर्नोंदणीची फीच ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि फिटनेससाठी करावी लागणारी डागडुजी वेगळी. कर्ज घेतलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हवीच. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी लागलीय का तेही बघा. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, रक्कम छोटी आहे, पण लावलेली नसेल तर मालकाने बाकीचे कागद कसे सांभाळले असतील याचा अंदाज येतो.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का? तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधनं आणली. पुढे नियम बदलत गेले, पण अशा गाड्या बाहेरच्या राज्यांत येत राहिल्या. इथे आणल्यावर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर. हे सगळं जोडून मगच 'स्वस्त' म्हणा.

आणि 'बनवलेल्या' जीप. हरियाणातलं डबवाली यासाठी प्रसिद्ध आहे. दिसायला झकास, पण आरसी कुठल्या तरी जुन्या गाडीची आणि बाकी सगळं नवं जोडलेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर ते तुम्हाला परवडणार आहे का? चेसिस नंबर आरसीशी जुळत नसेल तर किंमत कितीही कमी असो, निघा.

गाडीसमोर फोन काढा

आधीच सांगून ठेवा, 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनाचा काहीतरी त्रास झाकलेला असू शकतो. स्टार्ट करताना सायलेन्सरचा व्हिडिओ घ्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाचही टायरचे फोटो काढा, स्टेपनी विसरू नका.

टॉर्च लावून खालून चेसिसचा व्हिडिओ घ्या. कोकणात, समुद्राजवळ राहिलेल्या गाडीला गंज आतून खातो आणि वरून काळा रंग मारला की दिसत नाही. स्क्रू-ड्रायव्हरने हलकं ठोकून बघा, आवाज बदलतो. गंजलेली चेसिस हे एकच कारण असं आहे, ज्यावर मी घासाघीस करत नाही, सरळ नको म्हणतो.

फोर बाय फोर चालते का, हे तर बहुतेक जण तपासतच नाहीत! फक्त लिव्हर पडला म्हणजे झालं नाही. मऊ मातीच्या चढावर न्या, कोरड्या डांबरावर नको, तिथे गिअरवर ताण येतो. जिप्सीला पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करायचे असतील तर ते आधी करा. मित्राला बाहेर उभं करून पुढच्या चाकांचा स्लो मोशन व्हिडिओ घ्यायला सांगा. पुढची चाकंही माती उडवत असतील तर सिस्टिम चालू. मग लो रेंज टाका. गाडी गोगलगायीसारखी, पण जोरात चढली पाहिजे. कचकच आवाज आला किंवा गिअर उडाला, तर ट्रान्सफर केसचं काम निघालंच म्हणून समजा. मेकॅनिककडून त्याचा अंदाज लेखी घ्या.

आता आकडेमोड. पाया ५,५०,०००. समजा टायरचे ४५,०००, क्लचचे २५,०००, विमा-ट्रान्सफर-पाटीचे २०,००० वजा केले. उरले ४,६०,०००. न दिसलेल्या कामासाठी आणखी २५,००० बाजूला. म्हणजे ४,३५,००० हा तुमचा शेवटचा आकडा, आणि बोलणी त्याच्या खालून सुरू करा. (हे खर्च फक्त पद्धत कळावी म्हणून, तुमच्या गावातले दर तुमच्या मेकॅनिकला विचारा.) 'एक लाखाची ॲक्सेसरी लावलीय भाऊ' असं तो म्हणेलच. त्याचे शून्य रुपये धरा. उलट फिटनेसच्या वेळी ती काढायचा खर्च तुमचा.

सौदा ठरला तर टोकन यूपीआयनेच द्या आणि मेसेजमध्ये गाडीचा नंबर टाका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर व्हायला हव्यात. एनसीबी मालकाची असते, गाडीची नाही, त्यामुळे 'विम्यावर ५० टक्के सूट आहे' हे तुमच्या हिशेबात धरू नका. आणि आरसीवर तुमचं नाव दिसेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवता आली तर बघा. डीलर सहसा ऐकत नाहीत, घरगुती विक्रेते ऐकतात.