मुका मार आणि कागदावरचा शब्द

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि युनियनच्या कचेरीत झाले. मग मेंदूविषयी बोलण्याचा आमचा अधिकार कोणता? एवढाच की, एक शब्द न कळल्यामुळे आमच्या हातून एका माणसाचे नुकसान झाले.

साठीला टेकलेला एक हमाल पोत्यांच्या थप्पीवरून पडला. डोक्याला टेंगूळ आले, रक्त नाही. मुका मार म्हणून हळद लावली आणि गडी दुसऱ्या दिवशी कामावर हजर. तीन आठवड्यांनी डोके ठणकू लागले, बोलणे अडखळू लागले, उजवा पाय ओढू लागला. इस्पितळाच्या कागदावर 'सबड्यूरल हेमॅटोमा' असे लिहून आले. मालक म्हणाले, हा आजार आहे, अपघात नव्हे. आम्ही कागद उलटसुलट पाहिला आणि गप्प बसलो.

पुढे आम्ही त्या शब्दाची फोड केली. कवटीच्या आत मेंदूवर तीन आवरणे असतात. बाहेरचे जाड, चिवट, ते ड्यूरा मेटर, म्हणजे 'कठीण माता'. मधले अरॅक्नॉइड, कोळ्याच्या जाळ्यासारखे. सर्वांत आतले पाया मेटर, म्हणजे 'कोमल माता'. ते मेंदूच्या घडीघडीत शिरून त्याला बिलगलेले असते. आवरणांना माता म्हणण्याची ही रीत अरबी वैद्यांची. त्यांच्या ग्रंथांतून ती लॅटिनमध्ये उतरली. 'सब' म्हणजे खालचा. सब-इन्स्पेक्टर म्हणताना तो आपण नेहमीच वापरतो. ग्रीक भाषेत 'हैमा' म्हणजे रक्त. तेव्हा पुरा अर्थ झाला, कठीण आवरणाखाली साकळलेले रक्त.

मग तीन आठवडे उशीर का? वयपरत्वे मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्यापासून ड्यूराकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. हलक्या धक्क्यानेही एखादी तुटते, रक्त झिरपत राहते आणि दाब सावकाश वाढतो. उजवा पाय का? मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. बहुतेकांची वाचाही डावीकडेच असते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रोग्याच्या मेंदूत ती जागा दाखवून दिली.

म्हणजे अपघाताची साक्ष त्या कागदातच होती. आम्हाला ती वाचता आली नाही.

डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून रक्त काढले, गडी चालू लागला. भरपाई मात्र बुडाली. म्हणून आमचे सांगणे एवढेच: डोक्याला मार लागला, तर तारीख लिहून ठेवा. महिन्याभराने जरी डोके दुखू लागले, गुंगी आली, बोलणे किंवा चालणे बिघडले, तरी तातडीने इस्पितळ गाठा आणि तो मार डॉक्टरांना आठवणीने सांगा. कागदावरचा शब्द कळला नाही, तर तिथेच अर्थ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आम्ही त्या दिवशी विचारले नाही, ही चूक आमची.