पक्षी ओळखायचा तो वगळत वगळत

कर्जतहून कोंदिवड्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना भातखाचरं दिसतात. कापणी झालेल्या शेतावरच्या तारेवर काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी बसलेला असतो. तो कोतवाल, हे शाळकरी पोरही सांगतं. पुढे कोंडाण्याच्या, राजमाचीच्या पायथ्याच्या रानात शिरलं की झाडाच्या शेंड्यावर अगदी तसाच पक्षी दिसतो. फोटो काढावा तर पाठीमागे उजळ आकाश, त्यामुळे पडद्यावर उमटते ती नुसती काळी आकृती. हिवाळ्यात मात्र तो राखी कोतवालही असू शकतो. त्याचा डोळा लालभडक, अंग गडद करडं. साध्या कोतवालाच्या चोचीच्या मुळाशी बहुधा पांढरा ठिपका असतो, राखी कोतवालाला तो नसतो. उजेडाविरुद्ध काढलेल्या फोटोत डोळा, रंग आणि ठिपका तिन्ही जातात. उरते शेपटी, आणि ती दोघांचीही दुभंगलेलीच.

ओळखीसाठी माझ्याकडे असे फोटो येतात, तेव्हा माझे पहिले प्रश्न ठरलेले असतात: कुठे दिसला, कोणत्या महिन्यात, काय करत होता? समोरचा हिरमुसतो. त्याला वाटतं, एवढा स्पष्ट फोटो दिलाय, आता नाव सांगायला काय हरकत आहे? पण पक्ष्याचं नाव ठरतं ते एकेक शक्यता बाद करत, आणि बाद करायला सगळ्यात जास्त मदत होते ती जागेची आणि महिन्याची.

पाताळगंगेचंच घ्या. खोपोलीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. तिच्या खडकांवर शेपटी वरखाली करत फिरणारे धोबी पक्षी हटकून दिसतात. पोट पिवळं असेल तर करडा धोबी आठवतो, चेहरा पांढरा आणि पाठ करडी असेल तर पांढरा धोबी. डोकं नि पाठ काळी आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असेल तर तो पांढऱ्या भुवईचा धोबी. यातले पहिले दोघे हिवाळी पाहुणे, तिसरा कायमचा रहिवासी. म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस खोपोलीजवळ काढलेला धुरकट फोटो आला, तर रंग नीट दिसायच्या आधीच दोन नावं जवळजवळ गळून पडतात.

बगळ्यांच्या बाबतीत महिना कमी पडतो आणि आकार तर फसवतोच. फोटोत पक्षी केवढा दिसेल हे लेन्सवर अवलंबून असतं, म्हणून शेजारी साळुंकी, कावळा किंवा म्हैस असेल तर मी ती आधी शोधतो. चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी असतील तर छोटा बगळा. मध्यम आणि मोठा बगळा मात्र अनेकांना गोंधळात टाकतात. तिथे जिवणीची रेघ बघायची. मोठ्या बगळ्याची ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते. खाचराच्या बांधावर उभं राहून हे दिसत नाही, घरी फोटो मोठा करून बघितल्यावर दिसतं. इथे कॅमेऱ्याचे उपकार मानलेच पाहिजेत.

पण कॅमेऱ्याच्या हाती न लागणारंही बरंच काही असतं. त्याचं उत्तम उदाहरण पावशा. पावसाळ्याच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा’ ओरडणारा हा पक्षी कानांना सगळ्यांच्या ओळखीचा, डोळ्यांना फार थोड्यांच्या. वरून करडा, शेपटीवर आडवे पट्टे. दिसतो थेट शिक्र्यासारखा. तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो आणि शिकारी पक्ष्याचं हे रूप त्याला तिथे कामी येतं, असं मानलं जातं. जवळून बघितलं तर शिक्र्याची चोच आकडीसारखी वाकलेली, पाय लांब, नख्या दणकट. पावशाची चोच साधी, डोळ्याभोवती पिवळं कडं. पानांआडून अर्धवट टिपलेल्या फोटोत यातलं काहीच सापडत नाही. मात्र फांदीवर उतरल्यावर पावशा शेपटी डावी-उजवीकडे हलवतो. बघणाऱ्याने तेवढं एक वाक्य वहीत लिहिलेलं असेल, तर अंधुक फोटोलाही नाव द्यायला मदत होते.

याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. तासन् तास बसून बघायचं आणि लिहून ठेवायचं, ही त्यांची रीत. त्याच सुगरणीचा पिवळाजर्द नर वीण सरल्यावर मादीसारखा, जवळपास चिमणीसारखा दिसू लागतो. एकाच पक्ष्याच्या जुलैतल्या आणि जानेवारीतल्या फोटोंना दोन वेगळी नावं पडू शकतात.

आता मोबाइलवरचं मर्लिन हे ॲप फोटो दिला की क्षणात नाव सुचवतं. मीही ते वापरतो. पण त्याने दिलेलं नाव ही एक शक्यता समजावी आणि ती तपासून घ्यावी. ई-बर्ड या नोंदसंग्रहात तर ‘कोतवालाची कोणती तरी जात’ अशीही नोंद करता येते. पुरावा तेवढाच असेल तर तीच नोंद खरी. अभ्यासकांना चुकीच्या नावापेक्षा अपुरं नाव कितीतरी उपयोगी पडतं, कारण चुकीचं नाव त्या पक्ष्याला तो कधी न आलेल्या गावात नेऊन बसवतं.

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सालिम अलींच्या जन्मदिवशी संपतो. भात कापणीला आलेलं, नाहीतर कापून झालेलं, पाहुणे पक्षी नुकते पोचलेले. त्या आठवड्यात कर्जत-खालापूरकडे आलात तर कॅमेरा जरूर आणा. मात्र पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका आणि घरट्याचे फोटो काढू नका. पक्षी उडून गेला की लगेच चार गोष्टी लिहून ठेवा: जागा, वेळ, आवाज आणि तो काय करत होता. मग फोटो हलला असला तरी खुशाल ओळखायला पाठवा.