खो-खो खेळू दे त्याला

सातारा जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी सकाळीच आलीय. आज ग्रामीण रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमही सोबत आहेत. व्हरांड्यातल्या रांगेत एकच कुजबुज: सुई आहे का? नाही, असं बाईंनी सांगूनही कुणाला पटलेलं नाही.

दुसरीतल्या एका मुलाच्या छातीवर मॅडमचा स्टेथोस्कोप रेंगाळतो. "पंखा बंद करा जरा." छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, खालच्या अंगाला चकती थांबते. मॅडम त्याला बाकावर आडवा करतात, बसवतात, उभा करतात. त्याला गंमत वाटतेय. दाराशी उभ्या आजीला नाही.

"काळजाला भोक हाय का काय, म्याडम?"

मॅडम नळ्या माझ्या कानात देतात. दोन ठोक्यांच्या मधे एक बारीक, सुरेल गुणगुण, तंबोऱ्याची तार हलकेच छेडावी तशी. तो आडवा असताना स्पष्ट, उभा राहिला की जवळजवळ गायब. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०९ साली याचं वर्णन केलं, म्हणून हा स्टिल्स मर्मर. पडदा शाबूत, झडपा ठीक. हा नुसता वाहत्या रक्ताचा आवाज. आडवं झालं की हृदयाकडे जास्त रक्त परततं, आवाज वाढतो. तापात किंवा अंगात रक्त कमी असलं तरी वाढतो. शाळकरी वयात असा आवाज कितीतरी मुलांत सापडतो आणि मोठेपणी बहुधा आपोआप जातो.

"पळताना दम लागतो? ओठ निळे पडतात? सांधे सुजले होते कधी?"

"दम? खो-खोत ह्याला कुणी धरून दावावं!"

मॅडम कार्डावर 'निर्धोक' लिहितात आणि खाली, मुद्दाम मोठ्या अक्षरात, 'खेळण्यास हरकत नाही'. बाई सांगतात, मागे एका मुलाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, अगदी स्वच्छ आला, तरी घरच्यांनी त्याला वर्षभर मैदानावर फिरकू दिलं नाही. मला विचाराल तर त्या पोराला आजार भीतीनेच दिला.

मग सहावीतली एक मुलगी. तक्रार काही नाही, आवाजही मवाळ. पण मॅडम डोळे मिटून बराच वेळ ऐकतात. दुसरा ठोका दुभंगलेला. श्वास घेतला काय, सोडला काय, मधलं अंतर तेवढंच. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असलं तर असं ऐकू येतं. तिच्या कार्डावर जिल्हा रुग्णालय आणि टू-डी इको.

"पण ती तर ठणठणीत आहे," बाई म्हणतात.

"या छिद्रात मुलं कित्येक वर्षं ठणठणीतच दिसतात."

तेव्हा पालकहो, आवाज निघाला म्हणून मूल घरी बसवू नका, आणि इकोला पाठवलं असेल तर तारीख चुकवू नका. या कार्यक्रमातून पाठवलेल्या मुलांना तपासणीचे पैसे पडत नाहीत.